कोकणचे नाव लंडनच्या तबकडीवर: गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा

सुरतेहून तापीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे निघाले म्हणजे नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हजीरा लागते. ह्या नावाबरोबर आज पोलादाचा कारखाना, खताचा कारखाना, वायूच्या नळ्या आणि जहाजांचे धक्के डोळ्यांपुढे येतात. त्याच्या उत्तरेला लागूनच सुवाळीचा किनारा आहे. वाळूच्या दांड्याआड तेथे खोल पाण्याचा एक पट्टा होता. मोठ्या जहाजांना तापीतून वर सुरतेपर्यंत जाणे शक्य नसे. तेव्हा इंग्रजांची जहाजे ह्या पट्ट्यात नांगर टाकीत आणि माल पुढे बैलगाडीने नाही तर लहान होड्यांनी शहरात नेत. इ. स. १६१२ च्या अखेरीस ह्याच पाण्यात कॅप्टन बेस्ट याने पोर्तुगीजांच्या गलबतांचा प्रतिकार केला, आणि त्यानंतर इंग्रजांना सुरतेत वखार घालण्याची परवानगी मिळाली. आपल्या इतिहासात सुरत येते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. पण त्या स्वाऱ्यांच्या अर्धशतक आधी ह्या किनाऱ्यावर मालाबरोबर आणखी एक वस्तू उतरली होती. ती म्हणजे इंग्रजांचे संगीत.

बेस्टच्या जहाजांवरून आलेला पॉल कॅनिंग हा व्यापारी १६१३ साली आग्र्यास जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन वादक होते. लॅन्सलॉट कॅनिंग हा व्हर्जिनल वाजवी. पट्ट्या दाबून तारा छेडण्याचे हे एक लहानसे पेटीवजा वाद्य. रॉबर्ट ट्रली हा कॉर्नेट वाजवी. त्या काळचे कॉर्नेट म्हणजे लाकडी, कातड्याने मढविलेले, किंचित वाकडे असे फुंकवाद्य. व्हर्जिनलकडे दरबाराने ढुंकूनही पाहिले नाही, आणि तो अनादर जिव्हारी लागून बिचारा कॅनिंग मेला असे एका समकालीन इंग्रजाने लिहून ठेवले आहे. कॉर्नेट मात्र बादशहाला फार आवडले. त्याने ते स्वतः फुंकून पाहिले, आपल्या कारागिरांकडून तसेच दुसरे करवून घेण्याचाही प्रयत्न केला. पण ते साधले नाही. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. मुळात जे वाद्य दरबारी मनाला रुचले नाही त्याचे स्वर पट्टीपट्टीने तुटक येत होते, आणि जे रुचले ते श्वासावर, गळ्यासारखे चालत होते. तुटक स्वर आणि अखंड स्वर ह्यांचा हा प्रश्न पुढे साडेतीनशे वर्षांनी एका गिटारवादकापुढे पुन्हा उभा राहणार होता.

सुवाळीला जे आरमार हरले ते गोव्याहून आले होते. युद्धात पोर्तुगीज मागे हटले असतील. संगीताच्या बाबतीत मात्र ते इंग्रजांच्या शंभर वर्षे पुढे होते. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला, आणि पुढे चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या त्यांत गावोगावच्या मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविले जाऊ लागले. कागदावर लिहिलेले संगीत पाहून वाजविणारा वादक हिंदुस्थानात अन्यत्र दुर्मिळ होता. गोव्यात तो खेड्याखेड्यांत सापडे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून पुढे संस्थानिकांचे बँड, पलटणींचे बँड, हॉटेलांतील नृत्याचे ताफे, मूकपटांपुढे वाजविणारे संच, आणि बोलपट आल्यावर चित्रपटांचे वाद्यवृंद ह्या सर्वांचा कणा गोमंतकीय होता. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या लोकांचे जे कूड असत, त्यांत एका खोलीत ट्रंकांशेजारी ट्रंका मांडून ही माणसे राहात आणि व्हायोलिनची पेटी उशाशी ठेवून झोपत.

१९३५ साली लिओन अॅबी ह्या अमेरिकन निग्रो वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि जाझ संगीताचा नाद शहराला लागला. तो नाद सर्वांत आधी उचलला तोही गोमंतकीयांनी. आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने गाजले. आपले सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील ज्या चालींवर सारा महाराष्ट्र डोलला, त्यांच्या उसळत्या तालामागे ह्याच चिक चॉकलेट यांचा हात होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा लिहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकविले. पण तबकडीवर आणि पडद्यावर नाव येई ते संगीतकाराचे. वाद्यमेळ रचणाऱ्याचे नाव क्वचित, आणि वाजविणाऱ्याचे जवळजवळ कधीच नाही. अमान्सिओ डिसिल्वा हे ह्याच समाजातले. त्यांची गोष्ट वेगळी झाली ती ह्याच एका बाबतीत: त्यांच्या स्वतःच्या नावाच्या तबकड्या निघाल्या. त्यासाठी त्यांना लंडन गाठावे लागले, हा मात्र आपल्या अभिमानाचा भाग नव्हे.

डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईस, गोमंतकीय आईबापांच्या पोटी झाला. गिटार हाती घेतली ती कुमारवयात. त्या वयाच्या मुलाला मुंबईत जाझ ऐकण्यासाठी फार लांब जावे लागत नसे. पुढे हॉटेलांतून आणि गिरिस्थानांवरील उपाहारगृहांतून वाजविता वाजविता त्यांना जयपूरच्या महाराणींचा आश्रय लाभला. ‘जयपूर’ नावाची एक रचना पुढे त्यांनी केली. ह्या आश्रयाची आठवण तिच्या नावात असावी. पत्नी आयरिश होती, तिचे नाव जॉइस. १९६७ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले.

ते कोणत्या लंडनमध्ये जाऊन पोचले हे थोडे पाहिले पाहिजे. त्या शहरात तेव्हा गिटारचे राज्य चालू होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील निग्रो शेतमजुरांनी घडविलेले ब्लूज हे गीत, आणि त्याबरोबरचे गिटारवादन, इंग्रज तरुणांनी तबकड्यांवरून घोकून घोकून आपलेसे केले होते. जॉन मेऑल यांच्या ताफ्यात एरिक क्लॅप्टन, त्यांच्यामागून पीटर ग्रीन, त्यांच्यामागून मिक टेलर असे एकाहून एक वादक लागोपाठ येऊन गेले. ह्यांतील पीटर ग्रीन यांचे उदाहरण आपल्या विषयाला फार जवळचे आहे. १९६७ साली त्यांनी फ्लीटवुड मॅक हा ताफा काढला, कीर्ती मिळविली, आणि १९७० साली तो सोडून दिला. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाने ‘दि एंड ऑफ द गेम’ ही तबकडी काढली. तिच्यात गाणे मुळीच नाही. निव्वळ गिटार, वाट फुटेल तशी चाललेली. त्यांच्या चाहत्यांची निराशा झाली. पुढे मनाच्या आजाराने त्यांची अनेक वर्षे गेली, आणि पुढची तबकडी यावयास १९७९ साल उजाडले. ताफ्यातला वादक स्वतःच्या नावाने उभा राहतो तेव्हा त्याला झाकण्यासाठी कोणी उरत नाही, हे तेथे दिसते. आपल्याकडे मैफलीत एकट्याने बसून तीन तास रंगविणे ही वादकाची नित्याची परीक्षा. पाश्चात्य ताफ्यातल्या वादकाला ती आयुष्यात कधीतरी, आणि तीही अवचितच द्यावी लागते.

ह्याच लंडनमध्ये त्याच वेळी सतारीची लाट आली होती. बीटल्स मंडळींच्या १९६५ च्या एका गाण्यात जॉर्ज हॅरिसन यांची सतार वाजली. पुढल्या वर्षी त्यांच्याच ‘लव्ह यू टू’ ह्या गाण्यात अनिल भागवत यांचा तबला आला, आणि मौज अशी की तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नावही छापले गेले. रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन यांची जोडवादनाची तबकडी १९६७ ची. म्हणजे एकीकडे ब्लूजची गिटार आणि दुसरीकडे सतार अशा दोन फॅशनी शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांच्या मधोमध मुंबईचा हा गोमंतकीय गिटारवादक येऊन उभा राहिला.

श्रोतेहो, येथे थोडे तंत्राकडे वळणे भाग आहे. गिटारचे पडदे घट्ट बसविलेले असतात. सतारीप्रमाणे ते सरकविता येत नाहीत. त्यामुळे गिटारचा स्वर मुळात तुटक, त्या व्हर्जिनलसारखा. ब्लूज वाजविणाऱ्याने ह्यावर उपाय काढला तो तार पडद्यावर दाबून बाजूस ओढण्याचा. सतारिया मींड काढतो ती ह्याच क्रियेने. ब्लूजचा जो खास करुण स्वर, तो आपल्या भाषेत सांगावयाचा तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार ह्यांच्या मधल्या प्रदेशातला असतो. तो कोणत्याही एका पडद्यावर सापडत नाही, ओढूनच मिळवावा लागतो. दुसरा उपाय आपल्या ब्रिजभूषण काबरा यांनी योजिला. त्यांनी गिटार आडवी घेतली, तारेवर धातूचा तुकडा सरकवीत पडद्यांचा प्रश्नच निकालात काढला, आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही प्रसिद्ध तबकडी दिली. काबरा यांनी गिटारला रागसंगीतात आणून बसविले. डिसिल्वा यांनी तसे केले नाही. त्यांची गिटार उभीच राहिली, जाझवाल्याच्या हातात असते तशी. वाद्य बदलले नाही. बदलली ती विचार करण्याची रीत. पाश्चात्य जाझमध्ये पायाचे स्वरमेळ पावलोपावली पालटतात आणि वादक त्यांच्यामागून धावतो. डिसिल्वा पुष्कळदा एक षड्ज धरून बसतात आणि त्याच्याभोवती वाक्य लांबवीत, पुन्हा पुन्हा तेथेच परत येत आपला मार्ग काढतात. आलाप ऐकलेल्या कानाला ही चाल ओळखीची वाटते.

लंडनमध्ये त्यांना ओळखणारा माणूस भेटला तो डेनिस प्रेस्टन. लॅन्सडाऊन ध्वनिमुद्रणगृहातून प्रेस्टन स्वतंत्रपणे तबकड्या तयार करीत आणि त्या मोठ्या कंपनीच्या कोलंबिया शिक्क्याखाली निघत. भारतीय संगीत आणि जाझ यांचा मेळ घालण्याचा प्रयोग त्यांनी आधी एकदा करून पाहिला होता. मूळ कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमेकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट या दोघांना एकत्र आणून १९६६ साली त्यांनी ‘इंडो-जाझ स्वीट’ काढविली. पाच जाझवादक आणि पाच भारतीय बाजूचे वादक अशी तिची दुहेरी रचना होती. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर केशव साठे, आणि तंबोऱ्यावर चंद्रहास नावाचे एक गृहस्थ, ज्यांचे आडनाव वेष्टनावर ‘पैगांका’ असे छापले आहे. ते पैंगणकर असावेत; शेवटचा ‘र’ लंडनपर्यंत पोचलेला दिसत नाही. ह्या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व मला मान्य आहे. परंतु ऐकताना असे वाटत राहते की, दोन पंगती समोरासमोर बसल्या आहेत आणि वाढपी एकदा इकडे, एकदा तिकडे वाढीत आहे. मेयर यांनी सर्व काही कागदावर लिहून दिले होते. जाझवाल्यांना मोकळे सुटण्यास वाव थोडा आणि सतारीला राग खुलविण्यास वेळ त्याहून थोडा.

डिसिल्वा यांची पहिली तबकडी ‘इंटिग्रेशन’ १९६९ ची. हिच्यात सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. इयन कार यांचा ट्रम्पेट, डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, डेव्ह ग्रीन बासवर आणि ट्रेव्हर टॉमकिन्स ड्रमवर; म्हणजे त्या वेळचा इंग्लंडातील एक उत्तम जाझ संच, फक्त पियानो वगळलेला. पियानोची जागा गिटारने घेतली. रचना सर्व डिसिल्वांच्या. पहिलीच ‘गँजिस’, म्हणजे गंगा, दुसरी ‘जयपूर’, शेवटची ‘जॉइस कंट्री’. हे शेवटचे नाव आयर्लंडमधील एका प्रदेशाचे आहे आणि पत्नीचेही आहे. गंगेपासून आयर्लंडपर्यंतचा हा प्रवास एकाही भारतीय वाद्यावाचून होतो, आणि तरीही हिंदी माणसाला तो परका वाटत नाही. मेयर यांनी दहा माणसे लावून जे साधण्याची खटपट केली, ते येथे एका माणसाच्या मनात आधीच होऊन चुकले होते. त्याला जोडकामाची गरज उरली नव्हती. ज्याच्या घरी कोंकणी, दारात हिंदी-मराठी, चर्चमध्ये लॅटिन आणि पोटापाण्याला जाझ, त्याच्या बाबतीत दोन संस्कृतींचा संगम वगैरे बोलणे मला तरी कृत्रिम वाटते. त्याच्या दृष्टीने ती एकच मुंबई होती.

त्याच वर्षी ‘हम दोनो’ ध्वनिमुद्रित झाली. देव आनंद यांच्या १९६१ च्या चित्रपटाचे नाव आपल्याला आठवेल. येथे ते दोघे म्हणजे जो हॅरियट आणि अमान्सिओ डिसिल्वा. हॅरियट यांचा जन्म किंगस्टनचा, १९२८ चा. ते १९५१ साली इंग्लंडला आले, आणि १९६० च्या सुमारास ठरीव चालीचे बंधन झुगारणारे जाझ त्यांनी तेथे सुरू केले. इंग्लंडने त्यांची वाहवा केली, पण पोटापुरते दिले नाही. १९७३ साली ते वारले तेव्हा वय ४४ होते. साम्राज्याच्या दोन टोकांकडून आलेले हे दोघे राजधानीत एकत्र वाजवीत आहेत. नॉर्मा विन्स्टन यांचा निःशब्द आवाज काही ठिकाणी ह्या दोघांत तिसऱ्या वाद्यासारखा मिसळतो. ‘जयपूर’ येथेही आहे. ज्यांना दोन्ही तबकड्या मिळतील त्यांनी ही एकच रचना लागोपाठ ऐकावी. ‘इंटिग्रेशन’मध्ये ती चांगली बांधलेली वास्तू वाटते, ‘हम दोनो’मध्ये हॅरियट यांचा तीक्ष्ण, किंचित ओरखडणारा स्वर आला की तिच्या भिंतींना खिडक्या फुटल्यासारखे होते. मला स्वतःला दुसरी अधिक आवडते.

ह्याच तबकडीवर ‘बॅलड फॉर गोवा’ ही संथ रचना आहे. गोवा १९६१ साली मुक्त झाला. त्याला आठ वर्षे झाली होती. डिसिल्वा मुंबईत जन्मलेले, लंडनमध्ये राहणारे. गोवा त्यांच्यासाठी आईबापांचे गाव होते. मांडो ऐकलेल्या माणसाला त्या संथ, उदास लयीत काहीतरी जुने घरचे सापडेल. कोणत्याही मांडोची चाल मात्र त्यांनी उचललेली नाही, हे सांगितले पाहिजे.

१९७१ साली ‘रिफ्लेक्शन्स’ निघाली. ‘अमान्सिओ डिसिल्वा यांची प्रणयरम्य गिटार’ अशा अर्थाचे उपशीर्षक तिला जोडलेले होते. दिवाणखान्यात संध्याकाळी लावावयाची ही तबकडी. तिच्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. कंपन्यांना जाझपेक्षा असा माल हवा होता, कारण एव्हाना रॉक संगीताने बाजार व्यापला होता आणि इंग्लंडातील कितीतरी चांगल्या जाझवाल्यांच्या तबकड्या थोड्याच प्रती निघून बंद पडत होत्या. ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ यांचेही तेच झाले. पुढे ह्याच जुन्या प्रतींसाठी संग्राहक भारी किंमत मोजू लागले, पण त्यातला पैसा वादकाच्या खिशात जात नसतो.

आणि मग ‘कोकण डान्स’. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ह्या रचना ध्वनिमुद्रित झाल्या. ह्या वेळी सतार आणि तबला दोन्ही आहेत. ‘इंटिग्रेशन’मध्ये जी वाद्ये त्यांनी टाळली तीच येथे बोलावून घेतली, ह्याचे प्रथम नवल वाटते. पण फरक ध्यानात घ्यावा. मेयर यांच्या प्रयोगात सतार ही एक बाजू होती. येथे ती पाहुणी म्हणून नव्हे, घरचे माणूस म्हणून येते, कारण घर कोणाचे आहे हे आधीच्या तबकड्यांनी ठरवून टाकले आहे. ‘अ स्ट्रीट इन बाँबे’ हे एका रचनेचे नाव. त्यात रहदारीचे आवाज नाहीत, फेरीवाल्यांच्या आरोळ्यांची नक्कलही नाही. केवळ लयीची एक गर्दी आहे, ज्यातून गिटार अंग चोरून, धक्का न लागू देता वाट काढीत जाते. शीर्षकाची रचना नाचाची आहे, आणि तो नाच हॉटेलातल्या फरशीवरचा नव्हे.

कोकणचे नाव एखाद्या जाझच्या तबकडीला मिळावे ही गोष्ट साधी नाही. आपल्याकडे कोकण म्हणजे दशावतार, शिमगा, नमन, भजन. ख्रिस्ती कोकणीचे व्हायोलिन आणि गिटार त्या चित्रात आपण घेत नाही. मराठी संगीताच्या इतिहासात गोमंतकाचा गौरव भरपूर आहे, आणि तो सार्थ आहे: केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ. परंतु त्याच भूमीतील व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले, गिटारवाले यांना त्या इतिहासात ओळसुद्धा मिळत नाही. जणू देवळातून निघालेले संगीत तेवढे आमचे आणि चर्चमधून निघालेले पोर्तुगीजांचे. इंग्लंडातही त्यांचे स्थान असेच अधांतरी राहिले. तेथील जाझच्या इतिहासात ते हॅरियट यांचे एक साथीदार म्हणून येतात, आणि ब्लूज-रॉकच्या गिटारवाल्यांच्या याद्यांत अर्थातच नसतात.

‘कोकण डान्स’ची ध्वनिफीत तयार होती, पण तबकडी बाजारात आली नाही. तीस वर्षांहून अधिक काळ ती फडताळात पडून राहिली. डिसिल्वा १९९६ साली, साठाव्या वर्षी वारले. ‘कोकण डान्स’ इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली ती २००६ साली.